ड्राफ्टसाठी कॉलेजचा लाइनबॅकर कसा पारखावा: टप्प्याटप्प्याने

आपल्या संघाने यंदा ड्राफ्टमध्ये (सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडायची प्रक्रिया) कोणता लाइनबॅकर (बचावातला एक खेळाडू) उचलावा, हा वाद एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) चाहत्यांत दरवर्षी फेब्रुवारीत पेटतो आणि दरवर्षी त्याच ठिकाणी फसतो. आधी एखादं नाव आवडतं. मग त्याच्या टॅकलचा (चेंडूवाल्याला पकडून पाडण्याचा) आकडा सापडतो, मग चाळीस यार्ड धावण्याची वेळ, आणि सगळ्यात शेवटी संघाला त्याचीच गरज असल्याचा शोध लागतो. क्रम नेमका उलटा हवा. खालचे टप्पे त्या क्रमाने लावले आहेत. मधला एखादा गाळलात तरी पुढच्या टप्प्यावर काहीतरी उत्तर मिळेलच, फक्त ते चुकलेलं असेल.

## तयारी

एक साधी तक्ता-फाइल उघडा. प्रत्येक खेळाडूला एक ओळ. रकाने असे: मोजलेली उंची-वजन, हाताची लांबी, ड्राफ्टच्या दिवशीचं वय, कॉलेजात खेळलेल्या जागा, पाहिलेले सामने, वाचन, ब्लॉक, टॅकल, कव्हरेज, दुखापती, आणि शेवटी ‘कुठल्या फेरीपर्यंत’. हा शेवटचा रकाना टप्पा ६ पर्यंत रिकामा ठेवायचा. तो आधी भरला की बाकीचे रकाने आपोआप त्याच्या बाजूने भरले जातात.

दुसऱ्या पानावर आपला संघ: गेल्या मोसमात प्रत्येक लाइनबॅकर किती स्नॅप (चेंडू मागे दिला की सुरू होणारा एकेक खेळ) खेळला, कुणाचा करार कधी संपतो, आणि संघाकडे कुठल्या क्रमांकाचे पिक (निवडीच्या पाळ्या) आहेत.

वेळेचा हिशेब आधीच करा. बारा खेळाडू आणि प्रत्येकी चार सामने म्हणजे अठ्ठेचाळीस सामने. फक्त बचावाचे स्नॅप पाहिले, तरी मागे-पुढे करत एका सामन्याला पाऊण ते एक तास जातो. फेब्रुवारीच्या मध्याला बसलात तर आठवड्याला पाच सामन्यांत काम होतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बसलात तर वरातीमागून घोडं.

## टप्पा १: माणूस बाजूला ठेवा, काम ठरवा

‘लाइनबॅकर’ या एका नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात. एकजण खेळ सुरू होतो त्या रेषेच्या कडेला उभा राहून क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्यावर) धावून जातो, तो एज. दुसरा चेंडूपासून चार-पाच यार्ड मागे उभा राहतो, रन (चेंडू घेऊन धावणं) थोपवतो आणि पासच्या वेळी मागे किंवा बाजूला सरकून कव्हरेज करतो, म्हणजे पास घेणाऱ्यांना झाकतो, तो ऑफ-बॉल. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे. वाद घालणाऱ्यांपैकी एकाच्या डोक्यात एज आणि दुसऱ्याच्या डोक्यात ऑफ-बॉल असेल, तर तासभर बोलूनही ते एकमेकांशी बोललेले नसतात.

ऑफ-बॉलमध्येही वाटण्या आहेत. माइक मधोमध असतो, बचावाची हाक तोच देतो, आणि बहुतेक वेळा हेल्मेटमधला रेडिओ त्याच्याकडे असतो. विल कमकुवत बाजूला, जास्त मोकळ्या जागेत, पाठलागाच्या कामाला. सॅम टाइट एंडच्या (फळीच्या टोकाला उभा राहणारा, ब्लॉक करणारा आणि पासही घेणारा) बाजूला. कागदावर तीन लाइनबॅकरची रचना असली तरी आजच्या एनएफएलमध्ये निम्म्याहून बरेच जास्त स्नॅप पाच डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारे मागचे बचावपटू) घेऊन खेळले जातात. म्हणजे मैदानावर लाइनबॅकर दोनच. तुमच्या संघात रिकामी जागा सॅमची असेल, तर सामन्यात त्या जागेला पंधरा-वीसच स्नॅप मिळतात की काय हे आधी मोजा. पंधरा स्नॅपच्या कामासाठी कुणी पहिल्या फेरीचा पिक घालवत नाही.

मग आपल्या संघाबद्दल चार गोष्टी लिहा:

१. पुढच्या फळीतले डिफेन्सिव्ह टॅकल (मधोमध खेळणारे बचावपटू) दोन-दोन ब्लॉकर अडकवून ठेवणारे आहेत, की फटीतून आत घुसणारे? घुसणारे असतील तर गार्ड (आक्रमणाच्या फळीतले सेंटरशेजारचे ब्लॉकर) मोकळे सुटून थेट लाइनबॅकरवर येतात. तिथे २२५ पौंडांचा, आखूड हातांचा पोरगा भरडला जातो.

२. मागे दोन सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) ठेवायची सवय आहे का? असेल तर रनसमोर माणसं कमी पडतात आणि लाइनबॅकरला दोन-दोन गॅपची (ब्लॉकरमधल्या फटींची) चिंता वाहावी लागते.

३. लाइनबॅकरकडून ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर धावून जाणं) किती करवून घेतात?

४. सध्याच्या दोघांपैकी कोण, कधी जाणार आहे?

सावधान: कॉलेजातलं लेबल आणि इथलं काम एकच धरू नका. झॅक बाउन विस्कॉन्सिनला कडेवरून खेळायचा. २०१९ मध्ये त्याचे १२.५ सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) होते. एनएफएलच्या सेंट्सनी त्याला २०२० मध्ये ७४ व्या क्रमांकावर घेतलं, पण तिथे तो फारसा रुळला नाही. २०२४ मध्ये ईगल्सनी त्याला आत, ऑफ-बॉल उभं केलं आणि त्याच मोसमात तो ऑल-प्रोच्या (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड) पहिल्या संघात आला. मायका पार्सन्स याच्या बरोबर उलटा: पेन स्टेटला ऑफ-बॉल, आणि काउबॉइजनी २०२१ मध्ये १२ व्या क्रमांकावर घेतल्यावर पहिल्याच मोसमात एज.

## टप्पा २: यादी बारावर आणा

सगळे पाहायला गेलात तर कुणालाच नीट पाहणार नाही. चाळण्या तीनच लावा.

अंगकाठी: ऑफ-बॉलसाठी साधारण ६ फूट ते ६ फूट ४ इंच, २२५ ते २४५ पौंड, म्हणजे १०२ ते १११ किलो. हाताची लांबी ३२ इंचांच्या आसपास. कॉलेजच्या संकेतस्थळावरची उंची धरू नका, तिथे प्रत्येकजण इंचभर वाढलेला असतो. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टपूर्व चाचण्या) किंवा मोबील, अलाबामाच्या सीनियर बोलमध्ये (कॉलेजच्या निवडक खेळाडूंचा सामना) मोजलेलीच धरा.

वय: २१ वर्षांचा पोरगा आणि २४ वर्षांचा गडी यांनी एकोणिसाव्या वर्षाच्या मुलांविरुद्ध केलेली कामगिरी एका तराजूत घालू नका. वय जास्त म्हणून नाव काटायचं नाही, पण वाढीला जागा किती उरली ते त्याच्या ओळीत लिहायचं.

खेळलेल्या जागा: तीन वर्षांत चार जागा खेळलेला दिसला तर हरखून जाऊ नका. त्याने एखादी जागा सलग बारा सामने खेळली आहे का, ते बघा. आयझेया सिमन्स क्लेम्सनला सेफ्टी, स्लॉट, लाइनबॅकर, एज, सगळीकडे खेळला. कार्डिनल्सनी २०२० मध्ये आठव्या क्रमांकावर घेतला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सातव्या फेरीच्या एका पिकच्या बदल्यात जायंट्सकडे धाडला. खेळाडूत ताकद आणि वेग भरपूर होता. त्याला नेमकं कुठे उभं करायचं, तिथेच घोडं पेंड खात होतं.

## टप्पा ३: टेप

टेप म्हणजे सामन्यांचं चित्रीकरण. या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. चार सामने असे निवडा: रनवर जोर देणाऱ्या तगड्या संघाविरुद्धचा एक, पास फेकत राहणाऱ्या संघाविरुद्धचा एक, त्याचा संघ हरलेला एक, आणि मोसमाच्या शेवटचा एक. निवडक क्षणांच्या क्लिप पाहायच्याच असतील तर चारही सामने झाल्यावर. आधी पाहिल्या तर पुढचे दोनशे स्नॅप तुम्ही तेच शोधत बसता.

टीव्हीच्या चित्रात स्नॅपच्या क्षणी लाइनबॅकर बहुतेकदा दिसतो, पण खोल कव्हरेजमध्ये तो चौकटीबाहेर जातो. तिथे ‘दिसलं नाही’ असंच लिहा. अंदाजाने गुण भरू नका.

प्रत्येक स्नॅप तीनदा. पहिल्यांदा फक्त त्याचे पाय, दुसऱ्यांदा त्याच्यासमोरचा गार्ड, तिसऱ्यांदा चेंडू. बहुतेकजण चेंडूपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

एक खेळ जवळून पाहू. दुसरा डाउन (चारपैकी दुसरा प्रयत्न), सहा यार्ड बाकी. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये (चेंडूपासून काही यार्ड मागे), बॅक (चेंडू घेऊन धावणारा) त्याच्या डावीकडे. स्नॅप होताच बॅक उजवीकडे निघतो; सेंटर आणि उजवा गार्ड मिळून डिफेन्सिव्ह टॅकलवर पडतात. त्यातला गार्ड क्षणभराने सुटून लाइनबॅकरकडे वर येणार आहे. आता तीन प्रकारचे लाइनबॅकर दिसतील. पहिला, गार्डचा खांदा कुठे वळला हे बघून, गार्ड अजून टॅकलवर अडकलेला असतानाच आपल्या गॅपमध्ये उतरतो. बॅकला वळावं लागतं, दोन यार्ड. दुसरा जागीच थांबतो. गार्ड त्याच्यापर्यंत पोचतो, हात छातीवर बसतात, मग झटापट; चार यार्ड. तिसरा बॅककडे बघत उजवीकडे पळत सुटतो. बॅक त्याच्या पाठीमागून उलटा कापतो, आणि हा वळून सात यार्डांवर मागून धरतो. सामना संपल्यावर आकडेवारीत पहिला आणि तिसरा दोघांच्याही नावावर एक-एक टॅकल असतो.

गुण देताना चार रकाने आणि तीनच खुणा: अधिक, शून्य, उणे.

वाचन. पहिलं पाऊल योग्य दिशेला पडलं का? प्ले-अ‍ॅक्शनवर (रनचा देखावा करून फेकलेल्या पासवर) किती यार्ड पुढे खेचला गेला? स्नॅपआधी हात दाखवून इतरांना हलवतो की फक्त स्वतःची जागा शोधतो? इथे कॉलेजच्या नियमाची एक मेख आहे. पास फेकायचा असतानाही कॉलेजात ऑफेन्सिव्ह लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे कॉलेजच्या आरपीओवर (रन की पास हे ऐनवेळी ठरतं असा खेळ) गार्ड अगदी रनसारखा अंगावर येतो आणि चेंडू मात्र डोक्यावरून जातो. अशा स्नॅपवर लाइनबॅकर फसला तर उणे देण्याची घाई करू नका. तो सावरला किती लवकर, ते बघा.

ब्लॉक. हात आधी कुणाचे पोचतात? गार्डला अंगावर घेऊन सुटतो, की दरवेळी वळसा घालून जातो? वळसा घालणारा कॉलेजात वेगाच्या जोरावर निभावून जातो. वर आल्यावर तोच वळसा म्हणजे त्याने सोडलेला गॅप.

टॅकल. स्वतः मोजा: पकडायला गेला आणि सुटला, असे प्रसंग भागिले एकूण प्रयत्न. दहा टक्क्यांच्या खाली असेल तर उत्तम. पंधराच्या वर गेला तर कारण शोधा. डोकं खाली घालून खांदा मारायची सवय असेल तर ती सुटायला वर्ष जातं. कोन चुकतो म्हणून सुटत असेल तर त्याचं मूळ वाचनात आहे.

कव्हरेज. तिसऱ्या डाउनचे सगळे स्नॅप वेगळे काढा. आधी मुळात तो मैदानावर आहे का? बाहेर बसवत असतील तर त्याच्या प्रशिक्षकांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं आहे. झोनमध्ये (माणसाऐवजी जागा राखताना) मागे जाताना क्वार्टरबॅककडे नुसता बघत उभा राहतो, की पाठीमागून आडवा जाणारा रिसीव्हरही त्याला जाणवतो? बॅक कडेने बाहेर पडला तर किती पावलांत गाठतो? टाइट एंड सरळ वर धावला तर कंबर वळवायला किती वेळ घेतो?

मैदानाची आखणीही लक्षात ठेवा. मैदान १६० फूट रुंद, दोन्हीकडे सारखंच. पण कॉलेजात हॅशच्या खुणांत (चेंडू ठेवायची जागा ठरवणाऱ्या दोन ओळींत) ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. म्हणजे कॉलेजात चेंडू हॅशवर असला की एका बाजूला १०० फूट आणि दुसरीकडे ६०. एनएफएलमध्ये हेच साधारण ८९ आणि ७१. सतत आखूड बाजूला खेळवलेला पोरगा फार चपळ वाटतो, कारण कडेची रेषाच त्याच्यासाठी अर्धं काम करत असते. तो कुठल्या बाजूला उभा असतो ते टिपून ठेवा.

पडताळा: चार सामन्यांनंतर त्याचं वर्णन दोन वाक्यांत करून बघा. त्यात ‘जिगरबाज’, ‘लढवय्या’ असे शब्द यायला लागले तर आणखी एक सामना पाहायची गरज आहे.

## टप्पा ४: आता आकडे

आकड्यांचं काम टेपवरचं मत तपासण्याचं आहे. टॅकलची एकूण संख्या जवळपास निरुपयोगी: ज्या संघाचा बचाव मैदानावर जास्त वेळ अडकतो, त्याचा लाइनबॅकर जास्त टॅकल करतो. शिवाय मदतीच्या टॅकलचं श्रेय देण्याचं काम त्या-त्या मैदानावरच्या नोंदकऱ्याच्या हातात असतं आणि काहींचा हात फारच सढळ असतो. रेषेच्या मागे केलेले टॅकल आणि अडवलेले पास जास्त सांगतात.

कम्बाइनमधल्या चाळीस यार्डांपेक्षा पहिल्या दहा यार्डांची वेळ, थ्री-कोन आणि वीस यार्डांची शटल (दोन्ही दिशा बदलत धावायच्या चाचण्या) बघा. लाइनबॅकर सरळ चाळीस यार्ड पळतो ते बहुधा कुणीतरी त्याच्या पुढे निसटल्यावरच. जॅक कॅम्पबेल हे चांगलं उदाहरण: ६ फूट ४ इंचांहून उंच, २४९ पौंड, चाळीस यार्ड ४.६५ सेकंदांत, म्हणून ‘संथ’ ठरवला गेला. पण थ्री-कोन ६.७४ आणि शटल ४.२४ होती, आणि एवढ्या देहाला हे वळणं सोपं नाही. लायन्सनी २०२३ मध्ये त्याला १८ व्या क्रमांकावर घेतलं. २२५ पौंडांच्या बेंच प्रेसवर वेळ घालवू नका.

सावधान: कॉलेजच्या प्रो-डेला (कॉलेजातच होणाऱ्या चाचण्यांच्या दिवशी) घेतलेली वेळ बहुधा हातातल्या घड्याळाची असते आणि कम्बाइनपेक्षा थोडी चांगलीच येते. दोन्ही एका रकान्यात भरू नका.

पुरस्कारांचंही तसंच. कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनबॅकरला मिळणारा बटकस पुरस्कार २०१८ ते २०२३ मध्ये ज्यांना मिळाला, ते ड्राफ्टमध्ये अनुक्रमे ५, ८, ५२, ८३, १८ आणि ९८ व्या क्रमांकावर गेले. एकाच पुरस्काराच्या सहा मानकऱ्यांत एवढी तफावत पडते, तेव्हा वादात तो हुकमाचा पत्ता म्हणून टाकू नका.

## टप्पा ५: दुखापती

वरच्या यादीतले ८३ आणि ९८ म्हणजे नकोबी डीन आणि पेटन विल्सन. दोघांची टेप त्या क्रमांकांपेक्षा वरची होती, घसरगुंडीमागे वैद्यकीय शंकेचा मोठा हात होता. विल्सनने चाळीस यार्ड ४.४३ सेकंदांत पळूनही गुडघा आणि खांद्याच्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या नाहीत. जेलन स्मिथला १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बोलमध्ये गुडघ्याला दुखापत झाली आणि नसही दुखावली. काउबॉइजनी त्याला ३४ व्या क्रमांकावर घेतलं आणि पहिला अख्खा मोसम तो खेळला नाही.

संघांच्या डॉक्टरांकडचे अहवाल तुम्हाला मिळणार नाहीत. मिळतं ते एवढंच: चुकलेले सामने, शस्त्रक्रियांची संख्या, एकाच सांध्याला पुन्हा दुखापत झाली का. एवढं लिहा आणि थांबा. बाहेरून बसून ‘गुडघा आता ठणठणीत आहे’ म्हणणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि ड्राफ्टच्या रात्री तुमचा लाडका साठ जागा खाली गेला, तर बत्तीस संघ मूर्ख ठरवण्याआधी हा रकाना पुन्हा वाचा.

## टप्पा ६: किंमत

खेळाडू चांगला आहे का आणि त्याला या क्रमांकावर घ्यावं का, हे दोन वेगळे प्रश्न. खरी भांडणं यावर होतात.

ऑफ-बॉल लाइनबॅकर खाली मिळतात. बॉबी वॅग्नर २०१२ मध्ये ४७ वा, लॅवॉन्टे डेव्हिड त्याच वर्षी ५८ वा, फ्रेड वॉर्नर २०१८ मध्ये ७० वा. २०२४ मध्ये पहिला ऑफ-बॉल लाइनबॅकर, एजरिन कूपर, थेट ४५ व्या क्रमांकावर गेला.

उलट बाजूला २०१९ चा सौदा ठेवा. स्टीलर्सनी २० वरून १० वर चढून डेव्हिन बुशला घेतलं. त्यासाठी २० वा आणि ५२ वा पिक आणि पुढच्या वर्षीच्या तिसऱ्या फेरीचा पिक मोजला. प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या, पिकची किंमत गुणांत मांडणाऱ्या जुन्या तक्त्याप्रमाणे १० व्या पिकचे १३०० गुण, २० व्याचे ८५० आणि ५२ व्याचे ३८०. व्यवहार तक्त्यात बसत होता. पण दुसऱ्याच मोसमात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि पुढे संघाने त्याच्या कराराचं पाचवं वर्ष उचललं नाही.

या पाचव्या वर्षात एक कळीचा मुद्दा दडला आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा, अधिक पाचव्याचा पर्याय संघाच्या हाती. त्या वर्षाची रक्कम जागेनुसार ठरते आणि तिथे एज व ऑफ-बॉल ‘लाइनबॅकर’ या एकाच खात्यात येतात. एजचे पगार प्रचंड असल्याने ऑफ-बॉलचा आकडा फुगतो. म्हणूनच २०२२ च्या पहिल्या फेरीतले क्वे वॉकर आणि डेव्हिन लॉइड दोघे नेमाने खेळत असूनही २०२५ मध्ये त्यांचे पर्याय त्यांच्या संघांनी नाकारले. पहिल्या फेरीचा सगळ्यात मोठा फायदा पाचवं स्वस्त वर्ष, आणि ऑफ-बॉलच्या बाबतीत ते स्वस्त राहत नाही. मग ३० आणि ३५ व्या पिकमधला फरक बराच पुसला जातो.

आमचा ठोकताळा: पहिल्या पंधरात तोच, जो तिन्ही डाउन मैदानावर राहील आणि शिवाय टाइट एंडला झाकेल किंवा ब्लिट्झवर सॅक आणेल. १६ ते ४० मध्ये तिन्ही डाउनचा, एखाद्या सुधारता येण्याजोग्या उणिवेसह. तिसऱ्या फेरीत वाचन पक्कं पण वेग बेताचा, किंवा बरोबर उलटा. चौथीपासून पुढे किकऑफ आणि पंट कव्हरेजला खेळलेला नसेल तर नाव काटा, कारण तिथला लाइनबॅकर पहिली दोन वर्षं पोट भरतो ते स्पेशल टीम्सवर (किकच्या खेळांसाठीचे गट).

आता तो रिकामा रकाना भरा.

## टप्पा ७: गट पाडा, मग भांडा

एक ते बारा असा क्रम लावू नका. तीन-चार गट करा आणि एका गटातले सगळे सारखे धरा. वाद घालायचा तो दोन गटांमधल्या रेषेवर. पाचवा की सहावा, यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

मत मांडताना तीन गोष्टी द्या: संघातलं कुठलं काम, टेपवरचे कुठले दोन-तीन स्नॅप, आणि त्याच पिकवर कोण सोडावा लागेल. तिसरी गोष्ट जवळजवळ कुणी देत नाही. ‘हा घ्या’ म्हणणं फुकट असतं. ‘कॉर्नर (कडेचा पास अडवणारा बचावपटू) सोडून हा घ्या’ म्हणताना घाम फुटतो.

यादी बुधवारीच बंद करा. भारतातून पाहणाऱ्यांसाठी पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, दुसरी-तिसरी शनिवारी पहाटे साडेचारला, आणि चौथी ते सातवी शनिवारी रात्री साडेनऊला. पहाटे, अर्धवट झोपेत, समालोचकाच्या एका वाक्यावर कुणाला वरच्या गटात ढकलू नका. बदल करायचाच तर बाजूला वेळ आणि कारण लिहा. लाइनबॅकर शोधणाऱ्यांनी शनिवारची पहाट मात्र चुकवू नये. वॅग्नर, डेव्हिड, वॉर्नर, कूपर, सगळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच गेले होते.